अडसर कोठे आहे?

आमच्या चिरंजीवांनी शिकवण्या करून साठविलेले पैसे गेल्या महिन्यात संगणकाच्या नव्या ग्राफिक्स कार्डावर खर्चिले. परंतु पडद्यावरचा खेळ पूर्वीइतकाच अडखळत राहिला. कार्ड सदोष आहे, असे ठरवून ते दुकानदाराशी भांडावयास निघाले. आम्ही त्यांस थांबविले व कारण शोधू लागलो.

खेळातील हालचालींचा हिशेब करतो प्रोसेसर. त्यावरून चित्र रेखाटते कार्ड. प्रोसेसरने सेकंदास 60 चित्रांचीच सिद्धता केली, तर 120 रेखाटू शकणारे कार्डही 60च रेखाटणार. पंगतीत वाढपी दुप्पट केले, तरी आचारी एकच असल्यास पाने रिकामीच राहावयाची!

वाचकहो, परीक्षा सोपी आहे. खेळाचे रेझोल्यूशन 1920×1080 वरून 1280×720 वर आणावे. रेखाटावयाचे ठिपके निम्म्याहून कमी होतात. तरीही वेग वाढला नाही, तर अडसर बहुधा प्रोसेसरचाच समजावा. ही परीक्षा जुन्या कार्डावर, खरेदीपूर्वीच करावी.

आमच्याकडे वेग तसूभरही वाढला नाही. दुकानदार निर्दोष ठरला. चिरंजीव पुन्हा शिकवण्यांस लागले आहेत. आपल्या मदरबोर्डात कोणता प्रोसेसर बसतो, हे मात्र या खेपेस त्यांनी आधी पाहून ठेविले आहे.