"मी ओळखून आहे!"

मंडळी, आपल्या घरांमध्ये एक वाक्य फार माजलं आहे. "मी त्याला चांगला ओळखून आहे." लोकांना यात प्रेम दिसतं. मला विचाराल तर हा शुद्ध आळस आहे.

गेल्या महिन्यात हिला घेऊन डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी विचारलं, "आजी, गुडघा कधीपासून दुखतोय?" उत्तर मीच दिलं, "फार दिवस नाही हो. आणि हिला सहन होतं." डॉक्टर म्हणाले, "सर, मी आजींना विचारतोय." तेव्हा ही हळूच म्हणाली, "चार महिने झाले. रात्र रात्र झोप लागत नाही."

४८ वर्षं एका खोलीत झोपतो आम्ही!

मी एकटाच असा नाही, एवढंच समाधान. १९९७ साली अमेरिकेतल्या स्वान आणि गिल या मानसशास्त्रज्ञांनी जोडप्यांचा आणि एका खोलीत राहणाऱ्यांचा अभ्यास केला. ओळख जुनी होते तशी आपल्या अंदाजाबद्दलची खात्री वाढते. अंदाज मात्र त्या मानाने सुधारत नाही! कारण सोपं आहे. परक्याचं आपण कान देऊन ऐकतो, कळलं नाही तर पुन्हा विचारतो. घरच्या माणसाचं अर्धं वाक्य ऐकतो आणि उरलेलं आपणच पुरं करतो.

कुणी म्हणेल, सगळं विचारायचंच, तर मग आपलेपणा कसला? अहो, चहात साखर किती हे माहीत असणं निराळं आणि आज मनात काय आहे हे कळणं निराळं. पहिलं सवयीने येतं, दुसरं विचारल्याशिवाय येत नाही.

आपल्याच घरात बघा. "धाकट्याला व्यवहार कळत नाही" हे तो विशीत असताना ठरलं. आता त्याला नातू झाला, तरी निकाल तोच. "ताईला दागिन्यांची हौस नाही" म्हणून आईच्या बांगड्या वाटताना तिला कुणी विचारलंच नाही. त्या वाटणीला मीही होतो. ताई गप्प बसली आणि आम्ही तो होकार समजलो. शाळेत तरी मी वेगळं काय केलं? आठवीत ज्याला 'ढ' म्हटलं, त्याच्याकडे दहावीपर्यंत नीट पाहिलं नाही.

असो. दिवाळीला सगळे जमणार आहोत. तेव्हा ताईला एकदा विचारा. आणि उत्तर तिलाच देऊ द्या.