प्रत कुणाला?

(द्वितीय वर्ष, कला)

आपल्या महाविद्यालयाच्या छायाचित्रण मंडळाचे काम कसे चालते, हे पुष्कळांना ठाऊक नसेल. दर महिन्याला फळ्यावर एक विषय लागतो. 'रेषा', 'प्रतिबिंब', 'पाऊस', 'श्रम' असा काहीतरी. त्यावर प्रत्येक सभासदाने जास्तीत जास्त चार छायाचित्रे द्यायची. बाहेरून आलेले परीक्षक गुण देतात आणि वर्षअखेर निवडक चित्रांचे प्रदर्शन भरते. मधूनमधून एखादे अवघड आव्हानही असते. दिवसभरात बाराच चित्रे घ्यायची, किंवा एका जागेवरून न हलता तासभर काम करायचे. कॅमेरा नसला तर मोबाईल चालतो, आणि हे फार चांगले आहे, नाहीतर माझ्यासारखीला मंडळाची पायरीही चढता आली नसती.

या आव्हानांनी माझे भले केले, हे मी आधीच सांगून टाकते. मोबाईलवर दिवसाला दोनशे चित्रे काढणाऱ्याला बाराची अट घाला, म्हणजे तो बोट उचलण्याआधी विचार करू लागतो. सकाळी आठच्या आतले ऊन आणि अकराचे ऊन यांत काय फरक असतो, हे मी खडवलीत जन्मून कधी पाहिले नव्हते. ते मंडळाने दाखवले. तेव्हा हे लिहिणे मंडळाविरुद्ध नाही. मंडळ आणखी चांगले व्हावे असे वाटते म्हणून भांडते आहे.

भांडण आहे ते 'विषय' या शब्दाशी.

मंडळाची रविवारची सहल बहुधा खडवलीला येते. कल्याणहून कसारा लोकलने चौथे स्थानक, उतरले की भातसा नदी, पाण्यातले खडक, काठावर कपडे धुणाऱ्या बाया, पलीकडे वीटभट्ट्या. छायाचित्रकाराला आणखी काय हवे? मी तिथलीच, म्हणून वाट दाखवायचे काम माझ्याकडे. मंडळी खडकाआड दबा धरून बसतात, कारण पुस्तकात लिहिले आहे की माणसाला कळू न देता टिपलेले चित्र अधिक सहज येते. आता ओल्या लुगड्यात गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या बाईला कळू न देता टिपणे याला आपण सहजता म्हणावे का? ती पाठ फिरवते, पदर ओढते. तेवढ्यात दुसऱ्या बाजूने कुणीतरी बटण दाबलेले असते. पुढे ते चित्र प्रदर्शनात लागते आणि खाली नाव असते 'श्रमदेवता'. वीटभट्टीवरच्या पोराचे नाव 'उद्याची आशा', आणि म्हाताऱ्या माणसाचे, तो कोणीही असो, 'जीवनसंध्या'. मी मोजले नाही, पण प्रत्येक प्रदर्शनात एक तरी जीवनसंध्या असतेच. एकदा परीक्षकांनी शेरा दिला होता की सुरकुत्या उत्तम उतरल्या आहेत. त्या सुरकुत्या कोणाच्या, हे त्यांनी विचारले नाही, आणि विचारले असते तरी काढणाऱ्याला सांगता आले नसते.

गंमत अशी की हेच चित्र 'निसर्ग' विभागात पाठवले तर बाद होते. आंतरराष्ट्रीय छायाचित्रकला महासंघाच्या, म्हणजे फियापच्या नियमांप्रमाणे निसर्गचित्रात माणसाची खूण सहसा चालत नाही, आणि आपल्याकडच्या स्पर्धाही तीच व्याख्या वापरतात. म्हणजे विषय 'निसर्ग' असला की आम्ही नदीकाठचे लोक चौकटीत अडचण करतो, आणि विषय 'श्रम' असला की आम्हीच लागतो!

ही खोड आजची नाही. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली ऑक्टोबर १८५४ मध्ये; लगेच पुढच्या वर्षी, १८५५ साली, कल्याणहून वासिंदपर्यंत आगगाडी धावू लागली. म्हणजे आपल्या बाजूची रेल्वे आणि छायाचित्रकारांची मंडळे जवळजवळ एका वयाची. त्या सोसायटीत डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी होते, ही आपल्या अभिमानाची गोष्ट. तिच्याच आश्रयाने विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन यांनी १८५६ ते १८५८ या काळात एक मासिक चित्रसंग्रह काढला. दर अंकात तीन छायाचित्रे. पुढे जॉन्सनने १८६३ आणि १८६६ मध्ये मुंबईतल्या जातीजमातींवर दोन खंड प्रसिद्ध केले. त्यांत माणसे आहेत, पण बहुतेकांना नाव नाही. ओळख आहे ती जातीची नाहीतर धंद्याची. आणखी एक युक्ती त्याने केली होती. माणसांचे चित्र एका ठिकाणी घ्यायचे आणि मागे देखावा दुसरीकडचा जोडायचा. माणूस खरा, जागा उसनी. दीडशेहून अधिक वर्षे उलटली, काचेच्या पट्ट्या जाऊन मोबाईल आला, तरी चित्राखाली नाव न लिहिण्याची रीत मात्र आपण नेमाने सांभाळली आहे.

मला हे इतके का लागावे, असे कुणी विचारील. माझी आजी तीन वर्षांपूर्वी गेली. तिचे सगळे आयुष्य भातसेच्या काठी गेले. गोधड्या, चादरी, लोकांचे कपडे धुण्यात. बाहेरगावचे कॅमेरेवाले तिला सवयीचे होते. "ह्ये फोटूचं काय करत्यात गं?" असे ती आईला विचारायची. ती गेली तेव्हा भिंतीवर लावायला घरात तिचा एकही फोटो नव्हता. शेवटी बाबांनी आधार कार्ड स्टुडिओत नेले. त्यावरचा पुसट, डोळे विस्फारलेला चेहरा मोठा करून, मागे निळे आकाश घालून आणि अंगावर तिने कधी न नेसलेली जांभळी साडी चढवून त्यांनी तसबीर बनवून दिली. त्या साडीकडे पाहून आई आधी हसली आणि मग रडली. जॉन्सनचा उसना देखावा वाचताना मला ते निळे आकाश आठवले. आजीचे खरे चित्र, हातात धोका, मागे तिचा खडक, कुणाच्या तरी संगणकात नक्कीच पडलेले असेल. कदाचित त्याला गुणही मिळाले असतील. भातसा धरणाचे पाणी नदीतून येते आणि पिसे येथून उचलून मुंबईला जाते. आमची चित्रेही तशीच जातात.

यावर मंडळात चर्चा झाली तेव्हा दोन मुद्दे निघाले. पहिला असा की आधी विचारले तर माणूस ताठ होतो, चित्र मरते. मान्य. मग नंतर विचारा. चित्र दाखवा, नाव विचारा, नको म्हटले तर समोर पुसून टाका. माझा अनुभव असा आहे की बायका नको म्हणतात त्याहून जास्त वेळा "थांब, केस नीट करते, आणि माझ्या नातीसोबत एक काढ" असेच म्हणतात. ते दुसरे चित्र स्पर्धेला उपयोगी नसते, हे खरे. सगळी सरळ रांगेत उभी, हात खाली. पण त्यांना हवे असते ते तेच.

दुसरा मुद्दा खर्चाचा. एका वडापावाच्या आसपास पैशांत चार बाय सहाची प्रत निघते. स्पर्धांच्या प्रवेश फीपुढे हा खर्च काहीच नाही. "व्हॉट्सॲपवर पाठवू" हे उत्तर मला पटत नाही. मोबाईल मुलाचा असतो, तो महिन्याभरात बिघडतो. भिंतीवर कागदच लागतो.

लोकांच्या कष्टाचे चित्र काढूच नये, असे मी म्हणत नाही. सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांची जी छायाचित्रे काढली, ती नसती तर गटारात उतरणारा माणूस कित्येकांनी पाहिलाच नसता. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण ते त्या कामगारांकडे वर्षानुवर्षे जात राहिले. आपण सकाळच्या गाडीने येऊन अकराच्या गाडीने परततो. फरक कॅमेऱ्याचा नाही.

म्हणून येत्या वर्षासाठी एका महिन्याचे आव्हान मी मंडळाकडे लेखी दिले आहे. विषय 'परत जाणे'. मागच्या वर्षी ज्याचे चित्र घेतले त्याला शोधून काढायचे आणि प्रत हातात द्यायची. त्या महिन्यात परीक्षक नकोत, गुणही नकोत. शिवाय दर महिन्याच्या प्रवेशपत्रात, जिथे आज फक्त 'शीर्षक' आणि 'कॅमेरा' असे रकाने आहेत, तिथे आणखी तीन रकाने घालावेत: चित्रातील व्यक्तीचे नाव, प्रत दिल्याची तारीख, आणि तिसरा 'नको म्हणाली' असा. तिसऱ्या रकान्यात खूण असली तर ते चित्र घ्यायचे नाही, मग ते कितीही चांगले असो.

सचिवांनी कागद ठेवून घेतला आहे. जूनमध्ये नवा फळा लागेल.