नाक, भीड आणि ‘तुम्ही’

मराठी माणसाची प्रतिष्ठा त्याच्या चेहऱ्यावर वास करते. लेकीनें परीक्षेंत यश मिळविलें कीं घराचें नाक वर होतें. मुलानें कर्ज बुडविलें कीं तेंच नाक कापलें जातें, आणि बापास चारचौघांत तोंड दाखवावयास जागा उरत नाहीं. कोणाची भीड पडते, कोणाचा मुलाहिजा राखावा लागतो, कोणापुढें मान खालीं घालावी लागते. हे वाक्प्रचार आपण इतक्या सहजपणें योजितों कीं त्यांच्यामागें एक विचार उभा आहे हें ध्यानांतही येत नाहीं. विसाव्या शतकांत पंडितांनीं या विचारास शास्त्राचें रूप दिलें. तें शास्त्र आपल्या घरच्या बोलण्यास लावून पाहिलें तर कांहीं गोष्टी मनास सुखवितात आणि कांहीं बोचतात. आज दोन्हींचा विचार करूं.

हू शियेन-चिन या चिनी विदुषीनें 1944 सालीं आपल्या लोकांच्या बोलण्यांतील ‘चेहरा’ या कल्पनेवर एक निबंध लिहिला. चिनी भाषेंत त्यासाठीं दोन शब्द आहेत. एक माणसाच्या शीलाशीं निगडित, दुसरा त्याच्या लौकिकाशीं. पुढें 1955 सालीं एर्व्हिंग गॉफमन यांनीं असें दाखविलें कीं दोन माणसें बोलूं लागलीं कीं प्रत्येकजण स्वतःची प्रतिष्ठा संभाळीत असतो आणि समोरच्याचीही संभाळून घेत असतो. या पायावर पेनेलोपी ब्राऊन व स्टीफन लेव्हिन्सन यांनीं 1978 सालीं सौजन्याचा सिद्धान्त उभारला. इंग्रजी, मेक्सिकोंतील त्सेल्ताल आणि आपल्या दक्षिणेकडील तमिळ या तीन भाषांच्या अभ्यासावर तो आधारलेला आहे. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें : प्रत्येक माणसास दोन गोष्टी हव्या असतात. लोकांनीं आपणांस आपलें म्हणावें ही एक, आणि कोणीं आपल्यावर जुलूम करूं नये ही दुसरी. कांहीं मागावयाचें, नाकारावयाचें किंवा दोष दाखवावयाचा म्हणजे यांपैकीं एकीस धक्का लागतोच. तो सौम्य करण्यासाठीं भाषा जीं जीं साधनें वापरते, तें सौजन्य. किती सौजन्य लागेल हें तीन गोष्टींवरून ठरतें : परस्परांतील अंतर, परस्परांतील सत्ता आणि मागण्याचें ओझें.

आतां मराठीकडे वळूं. इंग्रजी शिकलेलीं आपलीं मुलें कधीं कधीं म्हणतात कीं, ‘मराठींत सौजन्य कमी, घरीं कोणी कृपया म्हणत नाहीं, धन्यवाद देत नाहीं.’ हा आरोप उथळ आहे. मराठीचें सौजन्य स्वतंत्र शब्दांत थोडें आणि क्रियापदांत फार आहे. ‘पाणी दे’, ‘पाणी द्या’, ‘जरा पाणी देतां का’, ‘पाणी द्यावें’ या चार वाक्यांत पाणी तेंच, पण मागणाऱ्याची नजर प्रत्येक वेळीं निराळी. मुलास ‘अभ्यासाला बस’ असें न म्हणतां आई ‘आपण आतां अभ्यासाला बसूं या’ म्हणते, तेव्हां ती आज्ञेंत स्वतःस सामील करून आज्ञेची धार घालविते. निरोप घेणारा ‘जातों’ न म्हणतां ‘येतों’ म्हणतो. जुन्या घरांतील गृहिणी पतीस ‘इकडून केव्हां येणें झालें?’ असें विचारीत. त्या वाक्यांत ना नांव, ना सर्वनाम, ना कर्ता. ज्याच्याशीं बोलावयाचें त्याला वाक्यांतून पूर्णपणें वगळून त्याचा मान राखावयाचा, हें कौशल्य ज्या भाषेस साधलें तिला असंस्कृत कोण म्हणेल?

सुखविणारा भाग येथें संपला. आतां बोचणारा.

आपल्या भाषेंत आदर समोरच्याशीं बोलतांनाच दाखवावा लागतो असें नाहीं. पाठीमागेंही दाखवावा लागतो. ‘डॉक्टर आले’, ‘गुरुजी आले’, पण ‘गडी आला’, ‘शिपाई आला’. ‘सासूबाई आल्या’, पण भांडीं घासावयास येणारी साठीची बाई केवळ ‘आली’. आईही ‘आली’च असते हें खरें, पण आईचें एकवचन मायेचें आणि त्या बाईचें एकवचन हिशेबाचें. नांवांचीही तीच कथा. ओसरीवर बसणारे धोंडोपंत आणि गोठ्यांत राबणारा धोंड्या हे दोघे मूळच्या एकाच धोंडोचे दोन अवतार आहेत. त्यांना निराळें केलें तें आपल्या जिभेनें.

हा भेद आजचा नव्हे. पाणिनीच्या अष्टाध्यायींत आठव्या अध्यायाच्या दुसऱ्या पादांत एक सूत्र आहे. वंदन करणाऱ्यास आशीर्वाद देतांना वाक्याच्या अखेरचा स्वर प्लुत, म्हणजे तीन मात्रांचा, करावा असा त्याचा आशय. नांव लांबवून उच्चारण्यांत एक माया आहे. वंदन स्वीकारल्याची ती खूण आहे. परंतु त्याच सूत्रानें शूद्रास या मायेंतून वगळलें, आणि वार्तिककारांनीं स्त्रीलाही वगळलें. ज्या व्याकरणाची सूक्ष्मता पाहून मान लवते, त्याच व्याकरणांत कोणाच्या वंदनास एक मात्रा अधिक द्यावयाची आणि कोणास नाकारावयाची याचाही नियम आहे. शास्त्राचा अभिमान बाळगणाऱ्यानें हें झांकून ठेवूं नये.

कोणी म्हणेल, ‘तूं’ म्हणण्यांत अपमान कसला? देवालाही आपण ‘तूं’च म्हणतों. आक्षेप रास्त आहे. रॉजर ब्राऊन व आल्बर्ट गिलमन यांनीं 1960 सालीं युरोपांतील भाषांच्या सर्वनामांविषयीं लिहितांना याचाच उलगडा केला. एकवचनी सर्वनाम दोन मार्गांनीं येतें : जवळिकीनें आणि सत्तेनें. ओळखण्याची खूण सोपी आहे. जवळिकीचें ‘तूं’ परत येतें. सत्तेचें ‘तूं’ एकाच दिशेनें वाहतें. दोन मित्र एकमेकांस ‘तूं’ म्हणतात. देवास भक्त ‘तूं’ म्हणतो आणि देव रागावत नाहीं. पण दहा वर्षांचा नातू साठ वर्षांच्या गड्यास ‘अरे’ म्हणतो आणि गडी त्यास ‘बाळासाहेब’ म्हणतो, तेथें जवळीक कोठें आहे?

आमच्या सिंदेवाहीच्या बाजूस या प्रश्नास आणखी एक पदर आहे. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या झाडीपट्टींत खेड्यांतील माणूस झाडीबोली बोलतो, आणि जंगलाच्या कडेनें गोंडी बोलणारीं गांवें आहेत. गोंडी ही तमिळ-तेलुगूंच्या कुळांतली. तिच्या मुलास मराठी ही परभाषाच. या भागांत पुरुष एकमेकांस ‘काय गा’ म्हणतात. पुण्याहून बदलून आलेल्या अधिकाऱ्यास तें खटकतें. त्यास वाटतें, हा गांवंढळ आपला उपमर्द करतो. वस्तुतः ‘गा’ हें मराठीचें फार जुनें संबोधन आहे. ज्ञानेश्वरींत (1290) ‘अगा’ जागोजागीं आहे. महानुभावांच्या स्मृतिस्थळांत नागदेवाचार्यांनीं केशवराज पंडितांस, संस्कृत नको, मराठीच बोला, असें सांगितल्याचा प्रसंग प्रसिद्ध आहे. त्या उत्तरांत ‘तुमचें’ हें आदराचें रूप आणि ‘गा’ हें संबोधन शेजारीं शेजारीं नांदतें. म्हणजे जो शब्द आज कचेरींत उद्धट ठरतो, तो एके काळीं आचार्यांच्या मुखीं पंडितांसाठीं शोभत होता.

मी शिकवीत असतां पहिलींतला एक लहानगा तीन दिवस रजेवर असलेल्या एका शिक्षकांस म्हणाला, ‘गुरुजी, तू काल काऊन नाही आला गा?’ शिक्षकांनीं त्यास वर्गाबाहेर उभें केलें. त्या मुलाच्या वाक्यांत व्याकरणाच्या हिशेबानें दोन अपराध होते, सर्वनामाचा आणि क्रियापदाचा; पण त्याच वाक्यांत गुरुजींची तीन दिवस वाट पाहिल्याची हकीकत होती. ती कोणीं ऐकिली नाहीं.

त्या मुलानें ‘तुम्ही’ शिकावें कोठून, हा खरा प्रश्न आहे. आदराचीं रूपें पुस्तकांतून येत नाहींत. तीं कानावर पडून येतात. धानाच्या रोवणीस आलेल्या त्याच्या आईस बांधावरून ‘ए, इकडे ये’ अशी हांक मारली जाते. त्याचा बाप बाजारांत, कचेरींत, दवाखान्यांत जन्मभर ‘तूं’च ऐकतो. ज्या घरास मराठीनें कधीं ‘अहो’ म्हटलें नाहीं, त्या घरचें मूल मराठींतलें ‘अहो’ शिकून येईल ही अपेक्षा अजब नव्हे काय? आपण जें दिलें तेंच तें परत करतें, आणि त्याबद्दल आपण त्यास अशिष्ट ठरवितों. ब्राऊन व लेव्हिन्सन यांनीं सत्तेस सौजन्याच्या मोजमापांतील एक घटक मानलें. मला वाटतें, आपल्याकडे तिनें शिकवणीचीही वाटणी करून टाकली आहे.

जगांत यावर निरनिराळे उपाय झाले. सतराव्या शतकांत इंग्लंडांतील क्वेकर पंथानें लहानथोर सर्वांस एकवचनानें संबोधिलें आणि त्यापायीं छळ सोसला. स्वीडनमध्यें 1967 सालीं आरोग्यखात्याच्या नव्या प्रमुखांनीं, ब्रोर रेक्सेड यांनीं, आपण सर्व सहकाऱ्यांस एकवचनानेंच हांक मारणार असें जाहीर केलें. पुढें सारा देश त्या वाटेस लागला. त्यांनीं सर्वांना ‘तूं’वर आणिलें. आपल्याकडे हा मार्ग चालणार नाहीं, कारण आपलें एकवचन फार दिवस सत्तेच्या हातीं राहिलेलें आहे. आपण सर्वांस ‘तुम्ही’वर न्यावें हें बरें.

याची सुरुवात घराच्या मागील दारीं व्हावयाची आहे. कामास येणाऱ्या वयस्क माणसास घरांतील मुलांनीं काका, मावशी म्हणावें आणि त्याबरोबर क्रियापदही अनेकवचनी वापरावें. ‘मावशी, इकडे ये’ यांत अर्धाच मान आहे. मोठ्यांनीं तें आधीं करावें, म्हणजे मुलांस सांगावें लागणार नाहीं. कांहीं गृहिणी म्हणतात, ‘आम्हीं अहो म्हटलें तर तीच संकोचते.’ संकोचणारच, सवय नाहीं. नव्या सुनेसही पहिल्या दिवशीं सासरीं सर्वांबरोबर पानावर बसतांना संकोच वाटतो, म्हणून आपण तिचें पान मांडावयाचें ठेवतों काय?