आफ्रिकेतल्या लोकांचं रक्त 'कणखर' नसतं, मंडळी. त्याची किंमत मोजलेली असते.

परवा संध्याकाळी स्टँडसमोरच्या टपरीवर चहा घेत होतो. पाऊस, साचलेली डबकी, डास असं करत विषय मलेरियावर आला. एक ओळखीचे गृहस्थ म्हणाले, "भाऊ, आफ्रिकेतल्या लोकांना मलेरिया काही करत नाही. त्यांचं रक्तच तसं कणखर असतं." दोघांनी माना डोलावल्या. कोरोनाच्या काळात असेच मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होते, तेव्हाही लोकांनी असेच विश्वास ठेवले होते.

मी तिथे वाद घातला नाही. पण घरी आल्यावर चैन पडेना. एक कारण म्हणजे हे चूक आहे. दुसरं कारण म्हणजे या चुकीत थोडा वाटा माझाही आहे. तो शेवटी सांगतो.

आधी आकडे बघा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ या एका वर्षात जगात मलेरियाने ५ लाख ९७ हजार माणसं गेली. त्यातले सुमारे ९५ टक्के मृत्यू आफ्रिकेत झाले. आणि आफ्रिकेत गेलेल्या दर चारांपैकी तीन जीव पाच वर्षांखालची लेकरं होती. म्हणजे रोज हजारापेक्षा जास्त मुलं. रक्त कणखर असतं तर ही मुलं का गेली असती?

आता टपरीवरच्या बोलण्यात अर्धं सत्य आहे, तेही प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. आफ्रिकेतल्या मलेरियाग्रस्त गावात मोठ्या माणसाचं रक्त तपासलं तर त्यात मलेरियाचे जंतू सापडतात, पण तो माणूस शेतात काम करत असतो. ताप नाही, थंडी नाही. हे खरं आहे. पण त्याच्याकडे ही ताकद आली कुठून, हा प्रश्न आपण विचारत नाही.

ती जन्मतः येत नाही. बाळाला पहिले काही महिने आईकडून मिळालेलं थोडंफार संरक्षण असतं. ते ओसरलं की मूल उघडं पडतं. मग एकदा मलेरिया, दुसऱ्यांदा, पाचव्यांदा, दहाव्यांदा. मलेरियाचा जंतू मोठा लबाड आहे. तो ज्या रक्तपेशीत शिरतो तिच्यावर स्वतःची एक खूण उमटवतो आणि ती खूण सतत बदलत राहतो. फाल्सिपेरम या सगळ्यात घातक जातीकडे असे सुमारे ६० वेगवेगळे वेष असतात. शरीराला एकेक वेष ओळखायला शिकावं लागतं. जी मुलं या शिकवणीतून वाचतात ती मोठी होऊन ताप न येता हिंडतात. जी वाचत नाहीत ती आपल्याला दिसत नाहीत. आपण फक्त वाचलेल्यांकडे बघतो आणि म्हणतो, काय कणखर रक्त आहे!

दुसरं म्हणजे ही ताकद कायमची नसते. तिला सतत डास चावत राहावे लागतात. तिकडचा माणूस काही वर्षं युरोपात राहून गावी परतला की त्याची ढाल हलकी झालेली असते, पुन्हा तापाने फणफणतो. बायकांचं तर आणखी वेगळं. मोठी झालेली, मलेरिया पचवलेली बाई पहिल्यांदा गरोदर राहिली की पुन्हा धोक्यात येते. १९९६ साली पॅट्रिक डफी आणि मिखाल फ्राइड या संशोधकांनी पश्चिम केनियातल्या बायकांच्या वारेचा अभ्यास करून याचं कारण दाखवलं. वारेत जंतूला चिकटून राहायला एक वेगळी जागा मिळते, आणि त्या वेषाची ओळख तिच्या शरीराला आधी कधी झालेलीच नसते. पुढच्या बाळंतपणांत धोका कमी होतो. पण पहिलं बाळ कमी वजनाचं जन्मतं, कधी हातचं जातं.

मग 'रक्तच वेगळं' हे अगदीच खोटं का? नाही. आपल्या विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकल सेलची तपासणी होते, कार्ड मिळतं, हे तुम्हाला माहीत आहे. केनियात वाढलेल्या अँथनी अ‍ॅलिसन या डॉक्टरच्या लक्षात आलं की समुद्रकिनारी आणि व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी, जिथे मलेरिया जास्त, तिथे सिकल सेलचं जनुक पुष्कळांत आहे, आणि उंच थंड भागात जवळजवळ नाही. १९५४ मध्ये त्यांनी दाखवून दिलं की हे जनुक एकाच पालकाकडून आलं तर मलेरियापासून मोठं संरक्षण मिळतं. पण दोन्ही पालकांकडून आलं तर आयुष्यभराच्या वेदना, आणि उपचार नसतील तर लहानपणीच मृत्यू. आईबाप दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक असा हा धोका. म्हणजे इथेही फुकट काही नाही. एका मुलाच्या संरक्षणाची किंमत दुसरं मूल मोजतं.

आता लसीकडे येतो.

१९६१ साली गांबिया या चिमुकल्या देशात सिडनी कोहेन, इयन मॅकग्रेगर आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. गावातल्या प्रौढांच्या रक्तातून त्यांनी अँटिबॉडी वेगळ्या काढल्या आणि मलेरियाने आजारी असलेल्या लहान मुलांना दिल्या. काही दिवसांत मुलांच्या रक्तातले जंतू झपाट्याने कमी झाले. मोठ्यांनी लहानपणी सोसून कमावलेली ढाल बाटलीतून लेकरांपर्यंत नेता येते, हे तेव्हा कळलं. मलेरियाविरुद्ध लस होऊ शकते या आशेला इथे मोठा आधार मिळाला. रक्त देणारे ते शेतकरी कोण होते, त्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत.

तिथून लस हातात यायला साठ वर्षं गेली. पहिली लस, आरटीएस,एस, २०१९ पासून मलावी, घाना आणि केनियात वापरून पाहिली गेली आणि २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिची शिफारस केली. दुसरी लस आर२१. ती ऑक्सफर्ड विद्यापीठात तयार झाली आणि बनते आपल्या पुण्यात, सीरम इन्स्टिट्यूटमध्ये. तिला ऑक्टोबर २०२३ मध्ये शिफारस मिळाली. या लसी थोड्या वेगळ्या वाटेने जातात. डासाने सोडलेला जंतू यकृतात घर करण्याआधीच त्याला अडवायचा, अशी त्यांची योजना आहे. चार डोस घ्यावे लागतात, आणि परिणाम हळूहळू ओसरतो. म्हणून मच्छरदाणी आणि औषधं सोडून चालत नाही.

पण ही लस चालते हे कळलं कुठे? बुर्किना फासो या देशातल्या नानोरो नावाच्या ग्रामीण भागात. तिथल्या संशोधन केंद्राचे प्रमुख हालिदू टिंटो. त्यांच्या देखरेखीखाली ४५० लेकरांवर चाचणी झाली आणि २०२१ मध्ये निकाल आला: जास्त मात्रेच्या गटात एका वर्षात ७७ टक्के परिणाम. पुढची मोठी चाचणी बुर्किना फासो, माली, केनिया आणि टांझानियात ४,८०० मुलांवर झाली. बुर्किना फासोत २०२२ या एका वर्षात दोनदा लष्करी उठाव झाले. तरी चाचणीचं काम तडीस गेलं. शेजारच्या मालीत ओगोबारा डुम्बो या डॉक्टरने बामाकोत मलेरियाचं संशोधन केंद्र उभं केलं. ते २०१८ मध्ये गेले, पण त्यांनी घडवलेली माणसं आजही तिथे काम करताहेत. केनियाच्या किनाऱ्यावर किलिफीत १९८९ पासून असंच केंद्र चालू आहे. परदेशी पैसा आणि परदेशी शास्त्रज्ञ होतेच, ते नाकारत नाही. पण पिढ्यान् पिढ्या बोटाला सुई टोचून घेणारी मुलं, त्यांना केंद्रात घेऊन येणाऱ्या आया आणि रात्री-बेरात्री तपासणी करणारे तिथलेच डॉक्टर-नर्स नसते, तर पुण्यात कुठली लस बनवणार होतो आपण?

आता माझा वाटा. २०२३ मध्ये मी बातमी केली होती, मथळा होता: 'पुण्याची लस आफ्रिकेला तारणार'. छाती फुगवून केली होती. शेअरही भरपूर झाली. परवा रात्री ती काढून पुन्हा वाचली. तीनशे शब्दांत एकाही आफ्रिकन माणसाचं नाव नाही. नानोरो नाही, टिंटो नाही. आम्ही देणारे, ते घेणारे. टपरीवरच्या गृहस्थांना 'कणखर रक्त' कुणी शिकवलं? आम्हीच, पत्रकारांनी. निम्मी गोष्ट सांगून.

पुण्याचा अभिमान बाळगाच. कोट्यवधी डोस स्वस्तात बनवणं ही साधी गोष्ट नाही, आणि जगात फार थोड्यांना जमते. पण ज्यांच्या अंगावर हे ज्ञान उमटलं त्यांचं नाव घ्यायला आपलं काय जातं?

हे फक्त मानपानाचं नाही, म्हणून एवढं लिहितोय. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेने परदेशी मदत गोठवली, मलेरियाची कामं विस्कळीत झाली. त्याच वर्षी जूनमध्ये गरीब देशांना लस पुरवणाऱ्या गावी या संस्थेलाही पैसा देणार नाही असं अमेरिकेने जाहीर केलं. 'त्यांचं रक्त कणखर, ते निभावतील' हा समज अशा वेळी फार सोयीचा पडतो.

पण ते निभावणार नाहीत, आणि याचा दाखला इतिहासात आहे. मादागास्करच्या डोंगराळ भागात फवारणी करून मलेरिया जवळपास संपवला होता. मग काम सुटलं. दरम्यान मोठी झालेली पिढी डासाशिवाय वाढली, तिच्या अंगात ढाल नव्हती. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात मलेरिया परतला आणि हजारो माणसं मेली, मोठी माणसंसुद्धा. मलेरियाचं काम अर्ध्यावर सोडणं म्हणूनच धोक्याचं. मच्छरदाणी आणि लसीमुळे ज्या मुलांना ताप आलाच नाही, त्यांना आता ती संरक्षणं काढून घेऊन मोकळं सोडायचं म्हणजे ढाल नसलेल्या माणसाला रणात ढकलायचं.

माझं म्हणणं एवढंच. आपल्या देशात लस बनते, तर ती स्वस्त राहावी आणि पोचत राहावी यासाठी आपल्या सरकारनेही हात सैल सोडावा. श्रीमंत देश मागे सरले तर मोकळी झालेली जागा भरण्यात भारताचा वाटा असावा. आणि आम्ही बातमीवाल्यांनी पुढच्या वेळी मथळ्यात नानोरोचं नाव घालावं. निदान मी घालणार आहे.

त्या गृहस्थांना ही पोस्ट पाठवली आहे. अजून निळी टिक आलेली नाही. उद्या टपरीवर भेटतीलच, तेव्हा चहा माझ्याकडून.

पटलं तर पुढे पाठवा. नाही पटलं तर कमेंटमध्ये भांडा, पण रक्ताच्या गप्पा सोडून मुद्द्यावर.