राजनांदगावच्या वाटेवर

नाताळच्या अंकाचा विषय शोधायला आम्हाला फार लांब जावं लागलं नाही. रायपुरातल्या आमच्या बूढापाऱ्यापासून राजनांदगाव सत्तरेक किलोमीटर. १८९३ साली त्या गावी नोकरीसाठी निघालेल्या कवी ना. वा. टिळकांना रेल्वेच्या डब्यात एका अनोळखी युरोपीय प्रवाशाने 'नवा करार' दिला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. मराठी ख्रिस्ती कवितेची एक मोठी वाट आपल्या छत्तीसगडातून गेली, आणि आपण रायपूरकर मराठी माणसं तिच्याबद्दल क्वचितच बोलतो.

त्या निर्णयाची झळ त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना अधिक लागली. पदरी लहान मूल, नवऱ्याने धर्म सोडलेला, माहेरी आकांत. काही वर्षं त्या वेगळ्या राहिल्या. पुढे सोवळं एकेक पायरीने सुटत गेलं आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. त्यांचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' पुन्हा वाचताना जाणवतं की त्यांची श्रद्धा उपासमार, आजारपण आणि एकटेपण यांतून हळूहळू उमलली.

हे आज का? डिसेंबर २०२२ मध्ये छत्तीसगडच्याच नारायणपूर जिल्ह्यातल्या शेकडो ख्रिस्ती आदिवासींना गाव सोडावं लागलं. त्यांतल्या अनेकांचा नाताळ इनडोअर स्टेडियममधल्या सतरंज्यांवर गेला. श्रद्धेपायी कुणाच्याही घराला कुलूप लागू नये, असं आम्हाला मनापासून वाटतं. म्हणून या अंकात आम्ही वादाआधी माणसांचं ऐकायचं ठरवलं.

तुमच्या घरातला, शेजारातला एखादा अडचणीतला नाताळ आठवत असेल, तर आम्हाला जरूर लिहून पाठवा.