कठड्याची पाठशुद्धी

जुन्या नाशकातल्या आमच्या घराचा जिना सागवानी आहे. यंदा पावसाळ्यापूर्वी त्याचा कठडा रंगवायला काढला आणि पहिल्याच दिवशी घरात दोन पक्ष पडले. रंगाऱ्याचे म्हणणे, ब्लोलॅम्पने सगळे थर जाळून काढू आणि मूळ लाकडाला पॉलिश करू. हल्ली सगळे तेच मागतात. आईंचे म्हणणे, आहे त्यावरच रंगाचा हात फिरवा. आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक. 'मूळ' हा शब्द ऐकताच रंगाऱ्याच्या बाजूला गेलो.

एका खांबावर नमुन्यापुरते खरवडून पाहिले. तपकिरीखाली हिरवा, त्याखाली करडा आणि तळाशी गेरूसारखा तांबडा थर निघाला. "हिरवा मी लग्न होऊन आले तेव्हाचा," आई म्हणाल्या. आम्ही ज्याला मळ समजत होतो, त्याला घरात साक्षीदार होता.

वर्गात आम्ही पाठचिकित्सा शिकवतो. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, लेखकूंच्या हातून शिरलेले अपपाठ काढले. पुढे १९०९ मध्ये राजवाड्यांनी नाथपूर्व म्हणून वेगळी प्रत छापली आणि मूळ कोणते, हा वाद नव्याने उभा राहिला. तिथे निदान शोधायला एक कर्ता आहे. कठड्याचे तसे नाही. सुताराने तो कोरा ठेवला होता की तांबडा रंगवला होता, हे आज कोण सांगणार? तेव्हा चकचकीत पॉलिश केलेले सागवान हे 'मूळ रूप' नव्हे; ती आपल्या काळाची आवड आहे. आवड असायला हरकत नाही, तिला इतिहास म्हणू नये, इतकेच आमचे म्हणणे.

अर्थात जुने थर निष्पाप असतात, असेही नाही. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसे असण्याची शक्यता मोठी. घरगुती रंगांतील शिशावर दशलक्ष भागांत ९० भाग ही मर्यादा आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली; त्याआधीच्या थरांची हमी कोण देणार? असा रंग जाळला तर विषारी धूर होतो, कोरडा घासला तर धूळ घरभर बसते, आणि लहान मुलांना ती सर्वाधिक बाधते. म्हणजे 'मुळा'पर्यंत पोचण्याची घाई नुसती वैचारिक चूक नव्हे, ती घातकही ठरू शकते.

शेवटी मधला मार्ग धरला. पोपडे सुटले होते तेवढेच, पॉलिशपेपर पाण्यात भिजवून, घासून काढले. मुलांना मामाकडे पाठवले, जिना रोज ओल्या फडक्याने पुसला. एका खांबाच्या बुडाशी वाळवीची शंका आली. तिथे मात्र लाकडापर्यंत गेलो, कारण तिथे थर राखणे म्हणजे रोग झाकणे होते. भेगांत लांबी भरली, प्रायमर लावला, वर पुन्हा तपकिरीच रंग. खरवडलेला तो नमुन्याचा चौकोन तेवढा तसाच राखला.

जुने वाडे दुरुस्त करणाऱ्यांनी आणि जुने ग्रंथ संपादणाऱ्यांनीही काय काढले, का काढले आणि काय राखले, हे दिसेल असे ठेवावे, असे आम्हांस वाटते.

आईंना आता कमी दिसते. जिना चढतात त्या कठड्याच्या आधारानेच. रंग वाळेपर्यंत तीन दिवस त्या खालीच झोपल्या. चौथ्या दिवशी वर आल्या आणि कठड्यावर हात फिरवून म्हणाल्या, "हाताला तोच लागतोय."