पेटीबाहेरचे आईबाप

पहिल्या बाळंतपणाची तयारी घरोघरी महिन्यांच्या हिशेबाने चालते. डोहाळजेवण कधी, माहेरी कधी जायचे, बाळंतविडा कधी आणायचा, सगळे ठरलेले असते. दिवस भरण्याआधीच बाळ जन्माला आले की हा हिशेब एका रात्रीत कोलमडतो. बाळ अतिदक्षता विभागातल्या काचेच्या पेटीत, आई ताज्या टाक्यांसह दुसऱ्या मजल्यावर, पुष्कळदा तर दुसऱ्याच रुग्णालयात. आणि बाप औषधांची चिठ्ठी घेऊन दोन्हीकडे धावतो. आईबाप तर झालो, पण आपल्याच बाळाला हात लावायला परवानगी लागते, अशी ही अवस्था.

ही घटना विरळा नाही. ३७ आठवडे पूर्ण होण्याआधीचा जन्म म्हणजे अकाली जन्म. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० मध्ये जगात १ कोटी ३४ लाख बाळे अशी जन्मली, म्हणजे साधारण दहातले एक. त्यांतली सुमारे ३० लाख एकट्या भारतातली. हा आकडा जगात सर्वाधिक. या बाळांच्या अंगावर चरबी नसते, म्हणून ती लवकर गार पडतात. फुप्फुसे उघडी ठेवणारा द्राव पुरेसा तयार झालेला नसतो. चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ साधारण ३४व्या आठवड्यापर्यंत बसत नाही. म्हणूनच पेटी, प्राणवायू, नळीने दूध. यंत्रांनी हजारो जीव वाचवले आहेत, यात शंका नाही. प्रश्न आहे तो त्या यंत्रांभोवती आखलेल्या लक्ष्मणरेषेचा. अनेक ठिकाणी आजही आईवडिलांना दिवसातून एकदा, तेही काचेपलीकडून, बाळ दाखवले जाते.

विज्ञान मात्र वेगळे सांगते. १९७८ मध्ये कोलंबियातील बोगोटा शहरात पेट्या अपुऱ्या पडू लागल्या, तेव्हा डॉ. एडगर रे यांनी बाळ आईच्या उघड्या छातीला बांधून ठेवण्याची पद्धत सुरू केली. हीच ‘कांगारू माता काळजी’. बरीच वर्षे ती बाळ स्थिरावल्यानंतरच दिली जाई. मग जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह घाना, मालावी, नायजेरिया आणि टांझानिया या देशांत एक मोठी चाचणी घेतली. दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय त्यात होते. १ किलो ते १.८ किलोपर्यंतच्या ३,२११ बाळांपैकी निम्म्यांना बाळ स्थिरावण्याची वाट न पाहता, जन्मानंतर लगेचच आईच्या त्वचेशी ठेवण्यात आले. नेहमीच्या पद्धतीत २८ दिवसांत १५.७ टक्के बाळे दगावली. आईजवळच्या गटात हे प्रमाण १२ टक्के होते. म्हणजे मृत्यू एक चतुर्थांशाने घटले. फायदा इतका स्पष्ट दिसला की चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली. २०२२ मध्ये संघटनेने आपली शिफारस बदलली: ही काळजी जन्मानंतर लगेच सुरू करावी.

‘नातेवाईक आत आले की जंतुसंसर्ग वाढेल’ हा रुग्णालयांचा नेहमीचा आक्षेप. गर्दीबाबत तो खरा आहे. मामा-मावशांची रीघ तिथे नकोच. पण आई ही गर्दी नव्हे. याच चाचणीत आईजवळच्या बाळांमध्ये संशयित जंतुसंसर्ग कमी आढळला. परिचारिका कमी आहेत, हा दुसरा आक्षेप. हात धुणे, दूध पाजणे, लंगोट बदलणे, धोक्याची लक्षणे ओळखणे हे आईबापांना शिकवले तर त्यांचा भार हलकाच होईल. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने कुटुंबाच्या सहभागाची मार्गदर्शक तत्त्वे २०१७ मध्येच काढली आहेत. उणीव कागदाची नाही, दार उघडण्याची आहे.

दुधाचीही गोष्ट अशीच. आईचा चीक आणि दूध हे अशा बाळाचे औषधच. आतड्याच्या जीवघेण्या आजारापासून ते वाचवते. पण बाळ चोखत नसेल तर दूध आटते. म्हणून पहिल्या काही तासांतच दूध पिळून काढायला शिकवणारे कुणीतरी आईजवळ हवे. तेवढ्यात दूध उतरले नाही तर दान केलेले दूध उपयोगी पडते. आशियातील पहिली मानवी दूधपेढी १९८९ मध्ये मुंबईच्या शीव रुग्णालयात सुरू झाली, हे महाराष्ट्राने विसरू नये.

यात घरचेही कमी पडतात. ‘जड उचललेस म्हणून’, ‘प्रवास केलास म्हणून’ असे बोल त्या ओल्या बाळंतिणीलाच ऐकावे लागतात. रक्तदाब, जंतुसंसर्ग, जुळी अशी कारणे असू शकतात, पण अनेकदा नेमके कारण सापडतच नाही. ‘सातव्यातले जगते, आठव्यातले नाही’ ही समजूतही साफ खोटी. गर्भाशयात काढलेला प्रत्येक जादा आठवडा बाळाचे बळ वाढवतो. आईची झोप उडाली, रडू आवरेना, बाळाकडे जावेसेच वाटेना, तर तो नखरा नव्हे. तिलाही डॉक्टरांची गरज असते. बाप बोलत नाही म्हणून त्याला काही होत नाही, असेही समजू नये.

रजेचाही विचार व्हायला हवा. नोकरदार आईला २६ आठवड्यांची रजा आहे, पण बाळ दोन महिने रुग्णालयात राहिले तर ते दोन महिने त्यातूनच वजा होतात. खासगी नोकरीतील बापाला कायद्याने रजाच नाही. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२५ पासून अशा बाळाच्या आईवडिलांना नेहमीच्या रजेखेरीज १२ आठवड्यांपर्यंत वेगळी रजा मिळते. आपल्याकडे निदान बाळ रुग्णालयात असेपर्यंतचे दिवस वेगळे मोजता येतील.

घरी सोडताना दोन गोष्टी आईबापांना लिहून द्याव्यात. ३४ आठवड्यांआधी जन्मलेल्या किंवा २ किलोहून कमी वजनाच्या बाळाच्या डोळ्यांच्या पडद्याची तपासणी जन्मापासून ३० दिवसांच्या आत व्हायलाच हवी. फार लहान बाळांची त्याहूनही आधी. ती चुकली तर टाळता येणारे अंधत्व कायमचे येऊ शकते. दुसरे, बाळाची वाढ प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजावी. दोन महिने आधी आलेले बाळ शेजारच्या बाळानंतर दोन महिन्यांनी बसू लागले तर ते मागे पडलेले नसते.

यातल्या बहुतेक गोष्टींना नवे यंत्र लागत नाही. पेटीशेजारी एक खुर्ची, आईसाठी एक खाट आणि रोज ठरल्या वेळी नीट बोलणारा एक डॉक्टर, एवढ्याने सुरुवात होते. प्रत्येक रुग्णालयाने ती करावी, आणि ज्यांचे बाळ आज आत आहे त्यांनी हे हक्काने मागावे.